एप्सिलॉन-ग्रीडी एजंटला दूरचे बक्षीस का सापडत नाही?

प्रश्न

रीइन्फोर्समेंट लर्निंगच्या (बक्षिसांवरून योग्य कृती शिकण्याच्या पद्धतीच्या) अभ्यासासाठी मी एक लहान कोडे तयार केले आहे. प्रत्येक एपिसोडमध्ये (एका पूर्ण डावात) 20 पावले असून दर पावलाला डावे किंवा उजवे एवढीच निवड असते. विसाही पावले उजवी पडली तरच शेवटी 1 गुण मिळतो. प्रत्येक उजव्या पावलामागे मात्र 0.0005 गुण वजा होतात. किती पावले झाली आणि त्यांपैकी उजवी किती, एवढे एजंटला (शिकणाऱ्या प्रोग्रामला) दिसते, म्हणजे निर्णयाच्या स्थिती एकूण 210 आहेत. क्यू-लर्निंग (प्रत्येक स्थितीतील प्रत्येक कृतीचे मूल्य, म्हणजे क्यू-मूल्य, शिकण्याची पद्धत) वापरून एप्सिलॉन, म्हणजे सर्वोत्तम वाटणाऱ्या पावलाऐवजी यादृच्छिक पाऊल टाकण्याची शक्यता, 1 पासून 0.1 पर्यंत उतरवला, तरी एजंट अखेर डावीकडेच जात राहतो. एप्सिलॉन आणखी सावकाश उतरवावा, की बँडिटसाठी (एकाच स्थितीत अनेक पर्यायांतून वारंवार निवड करण्याच्या प्रश्नासाठी) वापरतात तशी यूसीबी पद्धत, म्हणजे कमी आजमावलेल्या कृतीच्या मूल्यात बोनस मिळवून निवड करणे, प्रत्येक स्थितीत लावावी?

उत्तर 1

एप्सिलॉन उतरवण्याचा वेग इथे गौण आहे. तो कायम 1 ठेवला, तरी विसाही पावले उजवी पडणे सरासरी साडेदहा लाख एपिसोडांत एकदाच घडेल, कारण 2 चा 20 वा घात 10,48,576 आहे. शिवाय तोवर एजंटला उजव्या पावलाचा फक्त तोटाच दिसलेला असतो. त्यामुळे एप्सिलॉन 0.1 वर आल्यावर उजवे पाऊल केवळ 0.05 शक्यतेने पडते, आणि त्याचा 20 वा घात शून्यच समजावा.

यूसीबीबद्दल थोडे सावध राहावे. बँडिटमध्ये एखादा पर्याय निवडला की त्याविषयीची माहिती तत्काळ मिळते. तुमच्या कोड्यात पहिल्या उजव्या पावलाचे मोल त्या पावलात नाही. ते पुढे ज्या अपरिचित स्थिती खुल्या होतात त्यांत आहे. म्हणून बोनस केवळ कृती निवडताना मिळवणे पुरेसे नाही. तो रिवॉर्डमध्येच मिळवून क्यू-मूल्यांच्या अपडेटमधून मागे झिरपू द्यावा, म्हणजे दूरच्या अज्ञानाची ओढ पहिल्या पावलापर्यंत पोहोचते. 2002 सालच्या ब्राफमन आणि टेनेनहोल्ट्झ यांच्या आर-मॅक्स या पद्धतीत हीच कल्पना अधिक ठामपणे येते: जे पाहिले नाही तिथे कमाल रिवॉर्ड आहे असे गृहीत धरून योजना आखायची. तुमचे कोडे पूर्णपणे नियत असल्यामुळे (प्रत्येक कृतीचा परिणाम ठरलेला असल्यामुळे) एजंट प्रत्येक एपिसोडमध्ये एकतर स्थिती व कृतीची किमान एक नवी जोडी पाहील, किंवा सर्वोत्तम मार्गानेच चालेल. अशा जोड्या 420 आहेत. साडेदहा लाखांशी तुलना करून पाहा.

उत्तर 2

वरील विवेचन योग्य आहे, मात्र स्थिती मोजता येतात तोवरच ते सरळ लागू पडते. इनपुट म्हणून चित्रे आली की बहुतेक प्रत्येक स्थिती नवीच ठरते. तिथे मला थॉम्पसन यांच्या 1933 सालच्या कल्पनेचा विस्तार अधिक भावतो: शक्य वाटणाऱ्या मूल्यांपैकी एक नमुना घ्यायचा आणि संपूर्ण एपिसोड त्याच्याशी प्रामाणिक राहायचे. दर पावलाला नवा नमुना घेतला तर एजंट पुन्हा जागच्या जागी चुळबुळत राहतो. 2016 च्या बूटस्ट्रॅप्ड डीक्यूएनमध्ये (न्यूरल नेटवर्क वापरणाऱ्या क्यू-लर्निंगच्या एका प्रकारात) यासाठी एकाच नेटवर्कला अनेक शीर्षे (मूल्यांचा स्वतंत्र अंदाज देणारे भाग) देऊन एपिसोडभर एकच शीर्ष वापरले जाते. यात एक खाच आहे. बक्षीस कोणालाच दिसलेले नसेल, तर सर्व शीर्षे त्याच माहितीवरून हळूहळू एकमताला येतात. म्हणून 2018 मध्ये प्रत्येक शीर्षाला एक स्थिर, यादृच्छिक, न शिकणारे फलन जोडण्याची सुधारणा मांडली गेली. माझ्या मते ती ऐच्छिक मानू नये.

प्रश्नकर्ता

दोन्ही उत्तरांबद्दल आभार. निवडलेले पाऊल 10 टक्के वेळा उलटे पडेल असा बदल केला, तर आर-मॅक्स टिकेल का?

उत्तर 1

टिकेल, परंतु जोडी एकदा पाहून 'परिचित' ठरवता येणार नाही; प्रत्येकीसाठी ठरावीक भेटींचा उंबरठा ठेवावा लागेल. सतत उजवीकडे जाण्याचा प्रयत्न केला तरी शेवटच्या निर्णयाआधीच्या निर्दोष स्थितीत (तोवरची सर्व पावले उजवी पडलेल्या) एजंट सुमारे 13.5 टक्के एपिसोडांतच पोहोचेल, त्यामुळे तिथला उंबरठा भरायला सर्वाधिक वेळ लागेल. बक्षिसाची शक्यता 0.9 चा 20 वा घात, म्हणजे सुमारे 0.12 राहते आणि एकूण खर्च जास्तीत जास्त 0.01 असतो, म्हणून सुरुवातीला उजवे निवडणे अजूनही योग्यच आहे. मात्र एक पाऊल डावे पडले की उरलेली सर्व पावले डावीकडे टाकावीत, आणि शिकलेल्या पॉलिसीत (कृती निवडण्याच्या नियमात) हे दिसते का ते आवर्जून तपासावे.