इंग्लंडच्या खालच्या विभागांतील बचावपटूची कारकीर्द प्रत्यक्षात कशी असते?

परभणीकर_मास्तर:
शाळेच्या मैदानावर संध्याकाळी फुटबॉल शिकवताना एक अडचण कायमची आहे. प्रत्येक मुलाला पुढेच खेळायचे असते, आणि ज्याला बचावाला उभे करावे तो तोंड पाडून उभा राहतो. आमच्या उत्तम सेंटर-बॅकने परवा सरळच विचारले, “सर, नुसते अडवून कोणाचे पोट भरते का?” त्याला प्रीमियर लीगमधल्या ताऱ्यांची उदाहरणे देण्यात अर्थ नाही. खालच्या विभागांत आयुष्य काढलेल्या बचावपटूंविषयी जाणकारांनी लिहावे.

जालना_लेफ्टबॅक:
नमस्कार सर. प्रीमियर लीगच्या खाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू असे तीन विभाग असून त्यांत मिळून ७२ क्लब आहेत, आणि प्रत्येक संघाला हंगामात लीगचेच ४६ सामने खेळावे लागतात. तेव्हा पोट भरते, परंतु नोकरी कायमची नसते. करार बहुधा एक-दोन वर्षांचे असतात आणि ते ३० जूनला संपतात. कोणाला ठेवायचे व कोणाला सोडायचे, याची यादी क्लब मे महिन्यातच जाहीर करतात. म्हणजे आपल्याकडे पेरणीची लगबग चालू असते, त्याच दिवसांत तिकडचा तिशी ओलांडलेला बचावपटू नवा क्लब शोधत असतो. करार संपलेल्या अशा खेळाडूसाठी जुन्या क्लबला रक्कम मोजावी लागत नाही, एवढी एक गोष्ट त्याच्या बाजूची.

गोदाकाठ_नांदेड:
मास्तर, त्या मुलाला ग्रॅहम अलेक्झांडर सांगा. हा उजव्या बाजूचा बचावपटू १९९१ च्या सुमारास स्कंथॉर्पकडून खेळू लागला, १९९५ मध्ये ल्युटनला, १९९९ मध्ये प्रेस्टनला आणि २००७ मध्ये बर्नलीला गेला, आणि २००९ मध्ये बर्नली वर चढल्यावर वयाच्या ३७ व्या वर्षी प्रीमियर लीगमधला पहिला सामना खेळला. तोवर तो बचावफळीच्या पुढे, मधल्या फळीत खेळू लागला होता. पाय मंदावले की जागा बदलून डोक्याने खेळायचे, हे त्याला नेमके साधले. पेनल्टी तर तो अशा जोराने मारत असे, की गोलरक्षकाला दिशा कळूनही उपयोग होत नसे. पुढे तो प्रेस्टनला परतला आणि एप्रिल २०१२ मध्ये चार्ल्टनविरुद्ध, घरच्या मैदानावरच्या आपल्या अखेरच्या सामन्यात, अगदी शेवटच्या क्षणी फ्रीकिकवर गोल करून त्याने २-२ अशी बरोबरी साधून दिली. एकूण सामने हजाराच्या वर.

हिंगोली_प्रेक्षक:
गोदाकाठ यांचे म्हणणे खरे असले, तरी अलेक्झांडर हा अपवाद आहे, हे मुलाला सांगितलेच पाहिजे. सोळाव्या वर्षी क्लब दोन वर्षांची शिष्यवृत्ती देतो आणि ती संपताना बहुतेक मुलांना व्यावसायिक करार न देताच सोडून दिले जाते. त्यांतले काही पाचव्या विभागात किंवा त्याहून खाली, दुसरी नोकरी सांभाळून खेळतात.

मात्र जी मुले बचावाला उभे राहायला तयार नाहीत, त्यांना टोनी फोर्ड सांगावा. तो १९७५ मध्ये ग्रिम्सबीकडून खेळू लागला तो पुढे, विंगवर. वय वाढत गेले तसा तो राइट-बॅक झाला, आणि २००१ मध्ये रॉचडेलकडून वयाच्या ४२ व्या वर्षी थांबला, तेव्हा त्याचे लीगचेच ९३१ सामने झाले होते. त्याच्यापुढे पीटर शिल्टन एकटाच आहे, आणि तो गोलरक्षक.