रेट एकदा बांधून झालाय
सरकारने विमानातल्या जादा बॅगेचा रेट बांधून द्यावा असं वर दोघातिघांनी लिहिलंय, पण तो प्रयोग झालाय की! 2016 मध्ये डीजीसीएने (विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था) बॅगेच्या 15 ते 20 किलोपर्यंतच्या वजनाला किलोमागे जास्तीत जास्त 100 रुपये अशी मर्यादा घातली होती, विमान कंपन्या दिल्ली हायकोर्टात गेल्या आणि 2017 मध्ये कोर्टाने ती रद्द केली, मग काय, कंपन्यांना रान मोकळं. उलट 2021 मध्ये चेक-इन बॅग (काउंटरवर जमा करायची) नसेल तर तिकिटात सवलत द्यायलाही परवानगी मिळाली, हे मात्र मला पटतं, नुसती सॅक घेऊन जाणाऱ्याने दुसऱ्याच्या लोणच्याच्या बरण्यांचं भाडं का भरायचं? बाकी वजन वाढणार असेल तर जादा वजन ऑनलाइन आधीच विकत घ्या, काउंटरवर जास्त पडतं.