५८ सीसीचा स्वस्त चेनसॉ: घ्यावा का, आणि घेतला तर काय बदलावं?

काजूबाग_लांजा

नमस्कार मंडळी. लांज्याच्या बाजूला काजू-आंब्याची बाग आहे. वाळलेल्या फांद्या, पावसाळ्यात आडवी झालेली झाडं आणि सरपण, एवढंच काम. बुंधा फार तर १४ इंची. बाजारात २२ इंची बारचा (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) ५८ सीसी चेनसॉ सहा-सात हजारांत मिळतोय, नामांकित कंपनीचा त्याच्या तिप्पट-चौपट. हे क्लोन (दुसऱ्याच्या रचनेवरून काढलेल्या नकला) टिकतात का? बिघडतात तर नेमकं काय बिघडतं? आणि ‘६२ सीसी’ लिहिलेलं मशीन थोडंसंच महाग आहे, ते घेण्यात अर्थ आहे का?

टू_स्ट्रोक_मेस्त्री

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. स्टिकरवरच्या सीसीला काही अर्थ नाही. ही ५२००-५८०० जातीची मशीनं मूळ जपानच्या झेनोआच्या जुन्या रचनेवरून निघालेली आहेत. ५८००च्या नावाने जे पिस्टन किट मिळतं त्याचा बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) ४५.२ मिमीच्या आसपास असतो. त्या बोअरवर खरे ५८ सीसी यायचे तर स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ३६ मिमी हवा. प्लग काढून भोकात पातळ काडी घाला, दोरी हळू ओढून पिस्टन वर-खाली करा आणि फरक मोजा. (प्लगचं भोक तिरकं असेल तर माप थोडं चुकेल, पण अंदाज येतो.) ३२ मिमी भरला तर हिशेबाने ५१ सीसी होतात, स्टिकरवर ५८ असो की ६२. जास्तीचे पैसे तिथे घालू नका.

आता टिकण्याबद्दल. ओतकाम, क्रँक आणि सिलेंडर बऱ्यापैकी असतात. माती खाते ती जुळणी आणि रबर. म्हणून नवीन मशीन खोक्यातून काढलं की दोरी ओढायच्या आधी हे करा:

१. पेट्रोलची टाकी थोड्या पेट्रोलने खळबळून ओता. आत राहिलेले बारीक कण निघतात. तेच कण पुढे कार्बोरेटरच्या जाळीत बसतात.

२. सायलेंसरचे दोन बोल्ट काढा आणि एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टन बघा. उभे ओरखडे नसावेत. पोर्टची कड धारदार राहिलेली असेल तर रिंग तिथे अडकते आणि तुटते. असं दिसलं तर मशीन तिथल्या तिथे परत करा.

३. सिलेंडरचे चार बोल्ट, कार्बोरेटरचे दोन आणि इनटेकच्या रबराची क्लिप घट्ट आहेत का ते बघा. सायलेंसरचे बोल्ट पहिली टाकी संपली की गार मशीनवर पुन्हा आवळा. हमखास ढिले होतात.

४. मशीनसोबत आलेला प्लग ठेवा स्पेअरला. एनजीकेचा बीपीएमआर७ए घाला, गॅप ०.६ मिमी. कॉइल आणि फ्लायव्हीलमधली फट ०.३ मिमी, व्हिजिटिंग कार्ड मधे धरून कॉइल आवळली की जमतं.

५. पेट्रोलची नळी आणि टाकीतला फिल्टर पहिल्याच दिवशी बदला. सोबत येणारी नळी ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमध्ये फुगते, नाहीतर कडक होऊन चिरते. चिरेतून हवा ओढली गेली की मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने घासून सीझ होतो. लोक म्हणतात ‘चायनाचं पिस्टन हलकं होतं’. बऱ्याचदा पिस्टनचा दोष नसतोच, नळीचा किंवा ऑइल सीलचा असतो.

ई२० बद्दल आणखी एक. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर इंजिन आधीपेक्षा पातळ चालतं. कार्बोरेटरवरचा एच स्क्रू (पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल किती जाणार ते ठरवणारा) १/८ फेरा उघडा आणि कान लावा. चेन रिकामी फिरताना पूर्ण थ्रॉटलला आवाज जरा फडफडता यायला हवा आणि लाकडात शिरल्यावर साफ व्हायला हवा. रिकामं असतानाच स्वच्छ, किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर थांबा, एच अजून उघडा. थ्रॉटल सोडल्यावर फेरे लगेच खाली येत नसतील किंवा मशीन आडवं केल्यावर आयडल वाढत असेल, तर स्क्रूशी खेळू नका. कुठेतरी हवा शिरतेय, आधी ती शोधा.

काजूबाग_लांजा

मेस्त्री, फार उपयोगाची माहिती दिलीत. ऑइल किती घालायचं? पुस्तिकेत २५:१ आहे, दुकानदार ५०:१ सांगतो. आणि बारच्या टाकीत जळकं ऑइल चालतं म्हणतात, ते खरं का?

टू_स्ट्रोक_मेस्त्री

पहिल्या चार-पाच टाक्या २५:१, म्हणजे लिटरला ४० मिली. त्यानंतर ४०:१, म्हणजे लिटरला २५ मिली. ऑइल जासो एफडी दर्जाचं घ्या, डब्यावर छापलेलं असतं. ५०:१ हे चांगल्या ऑइलवर आणि नेमक्या बसवलेल्या कार्बोरेटरवर ठीक आहे. क्लोनमध्ये त्या दोन्हींचा भरवसा नाही. प्रमाण बदललं की एच पुन्हा कानाने लावा. ऑइल वाढवलं की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिश्रण उलट पातळ होतं. हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही आणि ‘ऑइल भरपूर घातलं होतं तरी सीझ झालं’ अशी तक्रार येते.

मिक्स महिन्याभराच्या वर ठेवू नका. कोकणातल्या पावसाळी हवेत इथेनॉल पाणी ओढतं आणि ते पाणी खाली बसतं. काम संपलं की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

जळकं ऑइल नको. त्यात धातूचा चुरा असतो, शिवाय ते पातळ होऊन टोकापर्यंत पोहोचायच्या आधीच उडून जातं. नवीन एसएई ३० घाला. क्लोनचा ऑइल पंप हा त्याचा दुबळा भाग आहे, आतला वर्म गिअर प्लास्टिकचा असतो. रोज सुरुवातीला बारचं टोक पुठ्ठ्यापासून वीतभर लांब धरून तीन-चतुर्थांश थ्रॉटल द्या. दहा-पंधरा सेकंदांत पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटायला हवी. उमटली नाही तर काम सुरू करू नका.

कानस_आणि_चेन

मेस्त्रींनी इंजिनाचं सगळं सांगितलं. पण ‘मशीन ओढत नाही’ या तक्रारीत इंजिनापेक्षा चेनचाच दोष जास्त वेळा निघतो. सोबतची चेन मऊ असते, एक-दोन टाक्यांत लांबते आणि धार धरत नाही. काजू बरा, पण सुकी बाभूळ किंवा माड असेल तर ती तासाभरात बोथट होते.

२२ इंची बार बाजूला ठेवा. १४ इंची बुंध्याला १८ इंची बार पुष्कळ झाला. इंजिनावर ताण कमी येतो आणि तो दुबळा पंप टोकापर्यंत तेल पोहोचवू शकतो. या मशीनवर बहुधा ०.३२५ इंच पिच (चेनच्या कड्यांमधलं अंतर) आणि ०.०५८ इंच गेज (बारच्या खाचेत जाणाऱ्या दात्याची जाडी) असतं. २२ इंचाला ८६ दाते, १८ इंचाला ७२. दाते म्हणजे बारच्या खाचेत जाणारे, कापणारे नव्हे. दुकानात हा घोळ नेहमी होतो. जुना बार सोबत न्या, मागची खाच जुळवून मगच पैसे द्या. चेन चांगल्या कंपनीचीच घ्या, इथे काटकसर नको.

०.३२५ ला कानस ४.८ मिमी, कोन ३० अंश. दात आतून बाहेर घासायचा, प्रत्येकाला सारखेच तीन-चार हात. तीन-चार वेळा धार लावून झाली की पुढचा डेप्थ गेज (प्रत्येक कापणाऱ्या दातापुढचा उंचवटा) दातापेक्षा ०.६५ मिमी खाली आहे का बघा. लाकडातून कीस निघाला पाहिजे. पिठासारखा भुसा पडायला लागला की कानस काढा, जोर लावू नका. जोर लावला की क्लच तापतो आणि त्याची स्वस्तातली स्प्रिंग तुटते.

ऐन_किंजळ

वरचं सगळं मान्य आहे, तरी माझं मत वेगळं आहे. इंजिन बंद पडलं तर काम अडतं, इतकंच. ब्रेक लागला नाही तर हात जातो. या मशीनांत सर्वांत कच्चा भाग चेन ब्रेकच आहे, आणि या धाग्यात त्याचा उल्लेख आता पहिल्यांदा होतोय.

विकत घेताना दुकानातच दोन गोष्टी तपासा. इंजिन बंद, ब्रेक लावलेला: चेन हाताने (हातमोजा घालून) ओढली तर हलता कामा नये. मग ब्रेक सोडा, मशीन मागच्या मुठीने धरा, बारचं टोक लाकडाच्या ओंडक्यापासून दीड फूट वर ठेवा आणि पुढची मूठ सोडून टोक खाली पडू द्या. आदळताच ब्रेक आपोआप बसला पाहिजे. कित्येक क्लोनमध्ये हाताने लागतो, पण झटक्याने लागत नाही. किकबॅकच्या वेळी (बारचं टोक अडून मशीन अंगावर उसळतं तेव्हा) नेमका तोच झटक्याचा ब्रेक कामाला येतो. बारच्या मुळाशी खाली चेन कॅचर (तुटलेली चेन अडवणारा खुंट) आहे का तेही बघा, आणि वरचं लॉक दाबल्याशिवाय थ्रॉटल दाबला जातो का तेही. जात असेल तर ते मशीन घेऊच नका.

आयडलला चेन फिरता कामा नये. आधी आयडल कमी करा. तरी फिरत असेल तर क्लचची स्प्रिंग गेलीय. क्लच खोलताना आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने सुटतो.

आडवं पडलेलं झाड हे तर सर्वांत घातक काम. वाकलेलं खोड दाबात असतं, बार चिमटतं किंवा उसळतं. हेच तुमचं मुख्य काम असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: कंपनीचं छोटं ३० सीसीचं मशीन घ्या, १६ इंची बारचं. १४ इंची बुंधा ते सावकाश पण नीट कापतं.

काजूबाग_लांजा

ऐन_किंजळ, हा मुद्दा खरंच डोक्यात नव्हता. मग फक्त सरपणासाठी क्लोन आणि पडलेल्या झाडांसाठी माणूस बोलवायचा, असं केलं तर?

ऐन_किंजळ

जमिनीवर सरळ पडलेले ओंडके घोडीवर ठेवून कापायचे असतील तर क्लोन चालेल, ब्रेकच्या दोन्ही चाचण्या पास झाल्या तर.

टू_स्ट्रोक_मेस्त्री

सहमत. आणखी एक: स्वतःच्या नावाने विकलं जाणारं क्लोन वेगळं आणि स्टिल किंवा हुस्कवर्नाचं नाव चिकटवलेलं बनावट मशीन वेगळं. दुसऱ्या प्रकाराच्या वाट्याला जाऊ नका. कंपनीचंच घ्यायचं ठरलं तर अधिकृत विक्रेत्याकडून घ्या आणि बॉडीवरचा क्रमांक बिलाशी ताडून बघा. क्लोन घेतलाच तर त्याच दिवशी एक पेट्रोल नळी, दोन फिल्टर, क्लचची स्प्रिंग, ऑइल पंपाचा वर्म गिअर आणि स्टार्टरची दोरी घेऊन ठेवा. ५८००चे पार्ट बहुतेक एकमेकांना बसतात, पण गिअर आणि स्प्रिंग जुनी समोर धरून जुळवूनच घ्या.