फ्रेंच हॉर्न पारखताना उजवा हात कुठे आहे?

फ्रेंच हॉर्न हे फुंकून वाजवायचे पितळी वाद्य शिकणाऱ्या नवशिक्याने बी-फ्लॅट सिंगल हॉर्नच (फक्त बी-फ्लॅट या सुरात बांधलेला हॉर्न) घ्यावा, कारण तो हलका असतो आणि त्यावर सूर कमी चुकतात, हे या चर्चेत मांडलेले मत मला अर्धेच पटते. वजनाचा मुद्दा रास्त आहे, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत. एफ हॉर्नची (एफ या खालच्या सुरात बांधलेल्या हॉर्नची) नळी सुमारे ३.७ मीटर आणि बी-फ्लॅटची सुमारे २.७५ मीटर असल्याने वरच्या स्वरांत एफवर नैसर्गिक स्वर (एकाच नळीतून केवळ ओठांच्या बदलाने निघणारे स्वर) एकमेकांना अधिक खेटून येतात, हेही खरे. पण हवा तो स्वर ओठांनी नेमका पकडायचा तर तो आधी मनात ऐकू यावा लागतो, आणि ती सवय एफवरच अधिक पक्की होते, असा माझा अनुभव आहे.

चर्चेत अजून न आलेली गोष्ट म्हणजे कर्ण्यातला, म्हणजे वाद्याच्या रुंद तोंडातला, उजवा हात. हॉर्नची घडणच हात आत असेल असे धरून केलेली असते, त्यामुळे हात बाहेर ठेवून वाजवल्यास सूर चढा लागतो आणि आवाजही भडक येतो. वाद्य पारखताना बोटे एकमेकांना चिकटवून, तळव्याला किंचित खोलगट आकार देऊन, बोटांची मागची बाजू कर्ण्याच्या आतल्या भिंतीला टेकवावी आणि मगच ट्यूनर (सूर मोजणारे उपकरण) पाहावा. अन्यथा उत्तम वाद्यही बेसूर समजून नाकारले जाते.