पोटगीचे पैसे आणि कागदपत्रे: आईची व मुलाची माहिती कशी जपावी? (सल्ला हवा आहे)

चाफेकळी:
फॅमिली कोर्टाने मुलासाठी दरमहा पोटगी मंजूर केली आहे. समोरच्या वकिलांनी खात्याचा तपशील, रद्द केलेला चेक आणि आई-मुलाचे आधार मागितले आहे. नवा पत्ता आणि नवा मोबाइल नंबर वडिलांपर्यंत जायला नको आहे. काय द्यावे, काय झाकावे? पुढे हिशेब कसा ठेवावा?

दप्तरदार:
पैसे जमा करायला खातेदाराचे नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी (बँक शाखेचा कोड) एवढेच लागते. आधार लागत नाही, तेव्हा देऊ नका. तपशील वकिलामार्फत पुरसीस (कोर्टात दाखल करायचे लेखी निवेदन) देऊन रेकॉर्डवर आणा, म्हणजे "खाते नंबरच मिळाला नाही" ही सबब उरत नाही. चेक द्यावाच लागला तर आडव्या दोन रेघा, मध्ये 'रद्द' आणि सही अजिबात नको.

आयएफएससीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्यावरून शाखा आणि शाखेवरून परिसर कोणालाही शोधता येतो. घराशेजारच्या शाखेचे खाते दिले तर पत्ता लपवून उपयोग काय? लांबच्या शाखेत फक्त पोटगीसाठी बचत खाते उघडा. उद्या पैसे आले की नाही हे दाखवायला त्याच खात्याचे स्टेटमेंट पुरते, घरखर्चाच्या नोंदी त्यात येत नाहीत.

यूपीआय टाळा, कारण बऱ्याचदा आयडीत मोबाइल नंबरच असतो. एनईएफटी किंवा आयएमपीएस बरे, शेऱ्यात 'पोटगी' आणि महिना लिहायला सांगा.

कोर्टकचेरी:
दप्तरदारांशी सहमत, पण एक भर घालतो. वेगळे खाते म्हणजे बाकीची खाती लपवायची मुभा नव्हे. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर सांगणे बंधनकारक केले आहे. तिथे एखादे खाते गाळले तर केस कमकुवत होते. पत्ता देणे धोक्याचे असेल तर तो उघड करू नये असा स्वतंत्र अर्ज कारणासह द्या. निर्णय कोर्टाचा असतो. खोटा पत्ता मात्र कधीही देऊ नका.

सुनावणी बंद दाराआड व्हावी असे एका पक्षाने जरी म्हटले तरी कुटुंब न्यायालय कायदा 1984 च्या कलम 11 खाली तसे करावे लागते. वकिलाला पहिल्याच तारखेला आठवण करा.

चाफेकळी:
आणि शाळेच्या फीची पावती? तिच्यावर शाळेचा पत्ता, वर्ग, तुकडी सगळे असते.

कोर्टकचेरी:
मूळ पावतीला हात लावू नका, ती कोर्टाला दाखवायला लागेल. झेरॉक्सवर वर्ग, तुकडी, रजिस्टर नंबर आणि घरचा पत्ता झाका. रक्कम, तारीख, पावती क्रमांक आणि मुलाचे नाव राहू द्या. शाळेचे नावही झाकायचे असेल तर आधी कोर्टाची परवानगी घ्या, नाहीतर पावतीवरच शंका घेतली जाईल.

पीडीएफमध्ये नुसता काळा चौकोन ठेवून चालत नाही, खालचा मजकूर कॉपी होऊन बाहेर येतो. प्रिंट काढा, मार्करने दोन्ही बाजूंनी झाका, मग ती झेरॉक्स पुन्हा स्कॅन करा. झेरॉक्सच्या दुकानात फाइल व्हॉट्सॅपवर पाठवली असेल तर ती समोर उभे राहून डिलीट करून घ्या.

कीबोर्ड:
कागदांपेक्षा मला पासवर्डची जास्त काळजी वाटते. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष. आयकराच्या एआयएस (वर्षभराच्या उत्पन्नाचे आणि व्यवहारांचे विवरण) पीडीएफचा पासवर्ड म्हणजे पॅन आणि जन्मतारीख. नवऱ्याला हे सगळे तोंडपाठ असते! म्हणून अशी फाइल पासवर्ड आहे म्हणून सुरक्षित समजू नका, तिचा दुसरा पासवर्ड ठेवा. आयकर पोर्टलचा पासवर्डही बदला. ओळखपत्र द्यावेच लागले तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात.

सगळ्यात आधी बँकेत आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर तपासा. जुना नंबर नवऱ्याकडे असेल तर ओटीपी तिकडे जातात. मग जीमेलचा रिकव्हरी नंबर, व्हॉट्सॅपची लिंक्ड डिव्हायसेस आणि खात्याचे नॉमिनी. मुलाचा टॅब वडिलांच्या गूगल खात्यावर चालू असेल तर घराचे ठिकाण त्यातूनही कळू शकते.

दप्तरदार:
हिशेबाचे राहिले. वहीत पाच रकाने करा: महिना, देय रक्कम, मिळालेली रक्कम, तारीख, यूटीआर क्रमांक (बँक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक). दर तिमाहीला बँकेच्या शिक्क्याचे स्टेटमेंट काढून ठेवा. आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 125) खालचा असेल तर थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. दोन हप्ते चुकले की वकिलाला कळवा, वर्षभर वाट बघू नका.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन 15100.

कीबोर्ड:
"पोटगी जमा करायची आहे, पिन टाका" असा फोन आला तर लगेच ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.