टोमॅटो घातल्यावर बीन्स कडक का राहतात
टोमॅटो सॉसमधले बेक्ड बीन्स दीड तास ओव्हनमध्ये ठेवूनही कडकच राहिले, असं का, हा एकाचा प्रश्न. टोमॅटो लवकर पडला. आंबटपणात दाणा मऊ होत नाही. २५० ग्रॅम पांढरे बीन्स रात्रभर भिजवा, पाणी बदलून १० मिनिटं खळखळून उकळा (कच्च्या दाण्यातलं विषारी द्रव्य त्यानेच जातं, स्लो कुकरमध्ये थेट टाकू नका) आणि मग मंद आचेवर शिजवा. दाणा जिभेने टाळूवर दाबला की चुरडला पाहिजे, तोवर थांबाच.

मग परतलेला कांदा, ४०० ग्रॅम टोमॅटो प्युरी, २ चमचे ब्राउन शुगर, चमचाभर मोहरीपूड, मीठ. बीन्स शिजवलेलं कपभर पाणी घाला, दाटपणा त्यानेच येतो. झाकून १५० अंश सेल्सिअसवर तासभर. गार झाल्यावर सॉस आणखी आळतो, थोडा पातळ असतानाच काढा.