वीकेंड कोर्स केला की झाला होलिस्टिक कोच?

तिरकी रेघ:
काल इथे एका ताईंनी लिहिलं, 'डॉक्टर नुसती लक्षणं दाबतात, आम्ही कोच मुळावर काम करतो', आणि खाली स्वतःच्याच डिटॉक्स पॅकेजची जाहिरात. डोकंच फिरलं. अहो मूळ शोधायला तपासण्या लागतात, रिपोर्ट वाचता यावा लागतो. बहुतेक देशांत कोच म्हणवून घ्यायला ना लायसन्स लागतं ना परीक्षा. आणि डिटॉक्स लिव्हर आणि किडनी करतातच की, फुकट करतात म्हणून किंमत नाही बिचाऱ्यांना.

भरपावसात:
मी कोच आहे, घ्या, मारा दगड. माझ्याकडे येणाऱ्या माणसाला झोप का लागत नाही, रात्री उठून का खातो, व्यायाम दरवेळी का सुटतो हे कोणी विचारलेलंच नसतं, डॉक्टरांची नजर पुढच्या पेशंटवर. पुरावा हवाय? अमेरिकेतली डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रामची स्टडी, २००२. धोक्याच्या उंबरठ्यावरच्या लोकांत मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीने डायबेटिसचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं, लाइफस्टाइल बदलून ५८. आणि हो, तिथे कोचच होते. बोला आता.

तिरकी रेघ:
बोलतो की. त्या कोचना आखून दिलेला अभ्यासक्रम होता. टार्गेट काय, तर ७ टक्के वजन कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. त्यात चक्रं बॅलन्स करत होते का? लोकांच्या अभ्यासावर स्वतःची पाटी लावू नका.

नाकासमोर:
माझ्या बहिणीची थायरॉइडची गोळी चालू होती. तिच्या कोचने केस गळतात म्हणून हाय डोस बायोटिन, म्हणजे एक बी व्हिटॅमिन, सुरू केलं. पुढच्या टेस्टला टीएसएच एकदम खाली, टी४ वर, म्हणजे थायरॉइड हार्मोन जास्त झाल्यासारखं दिसलं, म्हणून डॉक्टरांनी गोळीचा डोस कमी केला आणि ही दिवसभर सुस्त, अंगावर सूज. शेवटी लॅबवाल्या पोराने विचारलं सप्लिमेंट काही घेता का. बायोटिनने टेस्ट चुकू शकते हे अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, २०१७ लाच सांगितलंय, पण कोचबाईंना पत्ता नाही.

कोरा कागद:
मग डॉक्टरांनी नको विचारायला??

नाकासमोर:
विचारलं ना, 'अजून कुठलं औषध चालू आहे?' ही म्हणाली नाही. कोचने बजावून ठेवलेलं, हे औषध नाहीच, नॅचरल आहे.

भरपावसात:
एका कोचवरून सगळ्यांना झोडपणार का? मी सप्लिमेंट विकत नाही, गोळी बंद करा असंही कोणाला सांगत नाही.

तिरकी रेघ:
वा, म्हणजे तुम्ही लोकांचं ऐकून घेता आणि झोप-व्यायामाचं बघता. ते करा, त्याला माझी ना नाही. फक्त तुमच्या धंद्यात तुमच्यासारखे किती आणि कमिशनवाले किती ते पण सांगा.

भरपावसात:
डॉक्टरांत कमिशनवाले नाहीतच ना, बरं झालं सांगितलंत.

कोरा कागद:
तुमचं चालू द्या, पण टेस्टच्या किती आधी बंद करायचं ते बायोटिन? मी पण घेतेय, माझं पण थायरॉइडच आहे.

नाकासमोर:
निदान दोन दिवस सांगतात, डोस मोठा असेल तर जास्त. लॅबला फोन करून विचारा आणि डॉक्टरांनाही सांगा.

भरपावसात:
आणि तुम्हाला ते दिलं कोणी?

कोरा कागद:
डॉक्टरांनीच 🙂